शाळेचा ई-मेल आणि लेकरांचे आजारपण



पूर्व विदर्भातील एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. नाव-गाव छापू नका, असे त्यांनी पत्राच्या माथ्यावरच लिहिले आहे. पत्राचा विषयच तो असल्यामुळे आम्ही नाव तर देणार नाहीच, पण तालुक्याची खूणही देणार नाही. हकीकत थोडक्यात अशी. त्यांची मुलगी आठवीत शिकते. शाळेत आरोग्य पथक आले, मुलांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, सिकलसेलची तपासणी झाली. काही दिवसांनी शाळेकडून यादी मागविण्यात आली. गुरुजींनी संगणकावर तक्ता केला. नाव, जात, वर्ग, पालकाचा मोबाईल नंबर आणि शेवटच्या रकान्यात निकाल. हा तक्ता एका कार्यालयाला पाठवायचा होता. पण मागणीचे पत्र ज्या ई-मेलने आले होते त्यालाच उत्तर देताना 'सर्वांना उत्तर द्या' हे बटण दाबले गेले आणि तक्ता केंद्रातल्या सगळ्या शाळांना पोहोचला. त्यांतल्या एका शाळेचा प्रिंटर बंद होता. तिथल्या शिक्षकाने आलेली सगळी टपाले बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन छापून घेतली. पुढच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत लांबच्या नात्यातल्या बाईने या भगिनीला सर्वांदेखत विचारले की, तुमच्या पोरीला 'तो' आजार निघाला म्हणे, खरे काय?

आईने मुलीला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. दुसऱ्या तपासणीत कळले की मुलगी केवळ वाहक आहे, रुग्ण नाही. हा अहवाल एका कागदावर आला आणि आईच्या पिशवीत राहिला. पहिला तक्ता मात्र अजूनही किती संगणकांत पडून आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. मुलगी आता शाळेत गोळी घ्यायलाही नाही म्हणते, आणि धाकट्या मुलाची तपासणी होऊ द्यायची की नाही, असा त्या माउलीचा आम्हांला प्रश्न आहे.

तपासणी अवश्य होऊ द्यावी, हे आमचे उत्तर. पण तो प्रश्न तिच्या मनात आलाच का, याचा विचार शाळांनी आणि आपणही करायला हवा.

प्रथम आजाराविषयी. सिकलसेल हा लागण होणारा रोग नव्हे. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने तो होत नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनचा दोष असून आई-वडिलांकडून येतो. दोघांपैकी एकाकडूनच दोष आला तर मूल वाहक होते. त्याला 'ए-एस' म्हणतात आणि ते बहुधा आयुष्यभर धडधाकट राहते. दोघांकडून आला तर मूल रुग्ण होते, म्हणजे 'एस-एस'. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक इतकी असते. शाळेत बहुधा जी पहिली झटपट चाचणी होते, ती सोल्युबिलिटी चाचणी, फक्त एवढेच सांगते की रक्तात हा दोष आहे. मूल वाहक की रुग्ण, हे त्या चाचणीतून कळतच नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम दुसरी तपासणी करावी लागते. म्हणजे पहिल्या फेरीत 'पॉझिटिव्ह' असा शेरा मारलेला तक्ता हा निदानाचा कागदच नव्हे. तो अर्धवट कागद आहे आणि नेमका तोच सगळ्यांत लांब पोहोचतो.

हा दोष आदिवासी समाजांत आहे, तसा विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही आहे, आणि इतरांतही सापडतो. ज्या प्रदेशांत पिढ्यान् पिढ्या हिवताप होता, तिथे वाहक व्यक्तींना हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळत गेले, म्हणून तो दोष टिकून राहिला. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठच्या देशांतही तो आहे. जातीचा आणि त्याचा संबंध लावणाऱ्याला एवढे सांगितले तरी पुरे. पण यादीत नावाशेजारी जात, आणि जातीशेजारी निकाल, असे रकाने ओळीने आले की वाचणाऱ्याच्या डोक्यात शास्त्र राहत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. वय ४० पर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे त्याचे उद्दिष्ट सांगण्यात आले. कामाचे महत्त्व आम्ही जाणतो. पण सात कोटी तपासण्या म्हणजे सात कोटी नावे कोणत्या तरी यादीत चढणार, हेही तितकेच खरे.

शाळेच्या दप्तरात कोणत्या रकान्यात काय लिहिले जाते, याचे मोल आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी मिळत नसे. तिथे सगळे काही एका ओळखीवरून ठरत होते. पुढे धर्मांतरानंतर दाखल्यावर 'बौद्ध' लिहून घेण्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी कारकुनाच्या टेबलाशी किती हेलपाटे घातले, हे घरोघरी ठाऊक आहे. तो रकाना आपण हक्काने भरून घेतला. हा आजाराचा रकाना कोणापुढे उघडायचा, तेही हक्कानेच ठरवायचे आहे.

आणि हा हक्क कोणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यातल्या मूलभूत हक्कांत माणसाचा देह, त्याचे घर, त्याचे कागद आणि चीजवस्तू यांना विनाकारण झडती-जप्तीपासून संरक्षण असावे, असे कलम त्यांनी घातले होते. माणसाचे कागदही त्याच्या घरासारखेच त्याचे आहेत, हा विचार त्यात आहे. ते कलम राज्यघटनेत तसेच्या तसे आले नाही. पण २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घातले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. शाळा-दवाखान्यांना काही बाबतींत सवलतीही आहेत. म्हणून कायद्यावर विसंबून स्वस्थ बसण्यात अर्थ नाही.

आता मूळ मुद्दा. आरोग्याची माहिती गुप्त ठेवायची म्हणजे ती दडपायची, असा काहींचा समज असतो. तो चुकीचा आहे. विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या, कोणी न पुसलेल्या भिक्खूची कथा आहे. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः स्नान घातले, त्याला उचलून मंचकावर ठेवले आणि मग भिक्खूंना रुग्णसेवेविषयी उपदेश केला. ज्याची सेवा करणे सोपे जाते अशा रुग्णाची लक्षणे सांगताना त्यांत एक असे आहे की, हित चिंतणाऱ्या सेवकाला तो आपला आजार जसा आहे तसा सांगतो. यातला 'हित चिंतणारा सेवक' हा शब्द आमच्या वाचकांनी नीट पाहावा. आजार सांगायचा आहे, तो सेवा करणाऱ्याला. साऱ्या संघात तो पुकारायला सांगितलेले नाही. आणि ज्याला सांगितले त्याने तो चघळू नये, हे पिसुणवाचेपासून विरत राहण्याच्या शिकवणीत येतेच.

शाळेतही हेच सूत्र आहे. आईने बाईंना विश्वासाने सांगितले, तरच लेकरू वाचते. मुलाला फिट येत असतील आणि आईने ते लाजेपोटी दडविले, तर ज्या दिवशी वर्गात फिट येईल त्या दिवशी कोणी कांदा हुंगवील, कोणी चप्पल, कोणी दातांत चमचा घालील. वास्तविक मुलाला एका कुशीवर वळवून, आजूबाजूची टोकदार वस्तू दूर सारून, तोंडात काहीही न घालता जवळ थांबायचे असते आणि फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीने दवाखान्यात न्यायचे असते. सिकलसेलच्या रुग्ण मुलाला वारंवार पाणी लागते, कडाक्याची थंडी आणि अतिश्रम सोसत नाहीत, ताप आला किंवा हातापायांत असह्य कळा आल्या तर वाट न पाहता उपचार लागतात. हे कवायतीच्या सरांना माहीत असायलाच हवे. त्या मुलाला उन्हात उभे करण्याची शिक्षा कोणी दिली तर काय होईल, याची कल्पनाच करवत नाही. पण सरांना हे माहीत असायला आजाराचे नाव लागते काय? 'या मुलाला मागेल तेव्हा पाणी व लघवीची सुट्टी द्यावी, जास्त पळवू नये, ताप किंवा दुखणे आले तर लगेच पालकांना फोन करावा', एवढी ओळ पुरते. नाव मुख्याध्यापकांना आणि आरोग्याचे काम पाहणाऱ्या शिक्षकांना ठाऊक असले की झाले.

जी शाळा यादी सांभाळत नाही, तिथे पुढच्या वर्षी आया खरे सांगत नाहीत. नुकसान बदनामीवर थांबत नाही. ते औषधपाण्यापर्यंत जाते.

आपल्याकडे शाळेचे आरोग्य कार्यालय म्हणजे बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या खोलीतले एक कपाट, एक वजनकाटा आणि एक रजिस्टर. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतात. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता असे ते पथक असते. २०२० पासून शाळाशाळांतून दोन शिक्षकांना आरोग्याचे दूत म्हणून नेमण्याचीही योजना आहे. पथक निघून जाते आणि मागे राहते ती माहिती. पूर्वी ती रजिस्टरात असे आणि रजिस्टर कपाटात असे. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, तोच ते पाही. आता शाळेच्या ई-मेलची किल्ली म्हणजे पासवर्ड. तो मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला आम्ही एकाहून अधिक शाळांत पाहिला आहे.

ई-मेलला पूर्वी लोक पोस्टकार्ड म्हणत, वाटेत कोणीही वाचावे असे. आज मोठ्या कंपन्यांचे ई-मेल वाटेत बहुधा कुलूपबंद पाकिटातूनच जातात. गळती होते ती दोन्ही टोकांना. पाठविणाऱ्याच्या 'पाठविलेले' या कप्प्यात एक प्रत, घेणाऱ्याकडे एक, त्याने पुढे धाडली तर आणखी एक, दुकानातल्या संगणकाच्या डाउनलोडच्या कप्प्यात एक, शिक्षकाच्या मोबाईलवर एक. तो मोबाईल घरी गेला की पोरांच्या हातात खेळायला जातो. पडद्यावर विषयाची ओळ आपोआप झळकते. विषयातच 'आठवीच्या सिकलसेल मुली' असे लिहिले असेल तर पत्र उघडण्याचीही गरज उरत नाही. 'आरोग्य तपासणी अहवाल, ऑगस्ट' असे लिहून भागते.

आमच्या मते निम्मा धोका ई-मेल लिहिण्याआधीच, तक्ता करताना टळतो. वरच्या कार्यालयाला बहुतेक वेळा आकडा हवा असतो. किती तपासले, किती पुढच्या तपासणीस पाठविले, एवढेच. नावे लागतात ती ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राने पुढचे उपचार करायचे त्याला. आकडा मागितला असताना नावांचा तक्ता पाठविणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. जास्त दिले की साहेब खूश होतात असे वाटते. नावे द्यावीच लागली तर नावाऐवजी जनरल रजिस्टरचा क्रमांक लिहावा. शाळेबाहेरच्याला त्यावरून काही कळत नाही आणि शाळेत तो कोणाचा हे मिनिटात सापडते. जात आणि मोबाईल नंबर यांचे त्या तक्त्यात काही काम नाही. एक्सेलमध्ये नको असलेला रकाना नुसता लपवून चालत नाही, ही गोष्ट पुष्कळ शिक्षकांना ठाऊक नसते. लपविलेला रकाना दुसऱ्या टोकाला एका क्लिकसरशी पुन्हा उघडतो. आठवीचाच तक्ता द्यायचा असेल तर आठवीची वेगळी फाइल करावी, सगळ्या शाळेच्या फाइलीला चाळणी लावून ती पाठवू नये. त्या फाइलीला पासवर्ड लावावा आणि पासवर्ड त्याच ई-मेलात न लिहिता फोनवर सांगावा. हे सगळे करायला दहा मिनिटे जास्त लागतात, हे मान्य.

पत्त्याच्या जागी पहिली दोन अक्षरे टाकताच संगणक स्वतःच नाव सुचवितो, आणि ते नाव नेहमी बरोबर असतेच असे नाही. एकाच आडनावाचे चार शिक्षक तालुक्यात असतात. पाठविण्याचे बटण दाबण्यापूर्वी पत्त्यावर बोट ठेवून तो वाचावा. जीमेलमध्ये पाठविलेले पत्र जास्तीत जास्त तीस सेकंदांपर्यंत मागे घेता येते, पण ती सोय आधी तशी बसवून घ्यावी लागते. आणखी एक बारीक गोष्ट. दहा मुलांच्या पालकांना शिबिराचे निमंत्रण एकाच ई-मेलने धाडले आणि सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवले, तर निमंत्रण हीच यादी झाली. अशा वेळी पत्ते 'बीसीसी' या जागेत टाकायचे असतात, म्हणजे एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही. व्हॉट्सॲपच्या गटांविषयी आम्ही वेगळे काय सांगावे? गावातल्या शिक्षकांच्या गटात टाकलेली यादी म्हणजे पारावर वाचलेली यादी.

गुरुजींना दोष देऊन मोकळे होण्यात आम्हांला रस नाही. सकाळी अकराला पत्र येते आणि दुपारी तीनच्या आत माहिती हवी असते. मधे वर्ग आहे, खिचडी आहे, वीज गेलेली आहे. घाईत 'सर्वांना उत्तर' दाबले जाणारच. म्हणून मागणाऱ्यांनीच आपल्या पत्रात लिहायला हवे की, नावे पाठवू नयेत, उत्तर अमुक एकाच पत्त्यावर द्यावे.

काही आजारांच्या बाबतीत तर कायदा फार स्पष्ट आहे. एचआयव्हीसंबंधीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार कोणालाही आपली एचआयव्हीची स्थिती सांगण्याची सक्ती करता येत नाही. शिक्षणात त्यावरून भेदभाव करता येत नाही. ज्या संस्थेकडे अशी नोंद असेल तिने ती सुरक्षित राखलीच पाहिजे. अशा मुलाचे नाव कोणत्याही ई-मेलात, सांकेतिक शब्दातसुद्धा, येण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळविणे बंधनकारक आहे. तिथे गुप्ततेच्या नावाखाली गप्प बसणे हा गुन्हा ठरतो. कळवायचे तेही योग्य अधिकाऱ्यालाच. मुलाची ओळख तिथेही चार लोकांत फुटता कामा नये.

आमच्या पत्रलेखिकेसारखे ज्यांच्या वाट्याला आले असेल त्यांनी भांडणाने सुरुवात करू नये, अर्जाने करावी. मुख्याध्यापकांना साध्या कागदावर लिहावे की, माझ्या पाल्याची आरोग्यविषयक माहिती कोणकोणत्या पत्त्यांवर गेली ते कळवावे, ज्यांना ती चुकून गेली त्यांना ती नष्ट करण्यास लेखी सांगावे, आणि दुसऱ्या तपासणीचा निकाल नोंदवून पहिला शेरा दुरुस्त करावा. अर्जाची पोच घ्यावी. ई-मेल 'डिलीट' केला तरी तो कचऱ्याच्या कप्प्यात काही दिवस राहतो, जीमेलमध्ये तीस दिवस, म्हणून तोही कप्पा रिकामा करायला सांगावे. मुलीशी मात्र आईने स्वतः बोलावे. वाहक असणे म्हणजे काय, हे तिला शाळेतल्या कुजबुजीतून न कळता आईकडून कळावे. उद्या लग्नाची वेळ येईल तेव्हा मुलगा वाहक आहे की नाही हे तिने विचारावे आणि आपलेही सांगावे, यात काहीच वावगे नाही. उलट ते शहाणपणाचे आहे. पण ते सांगणे तिचे आहे.

शाळा व्यवस्थापन समितीकडे आपले लोक फार कमी लक्ष देतात, असे आमचे निरीक्षण आहे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे त्या समितीत पाऊणपट सभासद पालक असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. दुर्बल घटकांतील पालकांनाही त्यात प्रमाणात जागा आहे. विहारातल्या महिला मंडळाच्या ज्या भगिनी अशा समितीवर असतील, त्यांनी पुढच्या बैठकीत तीनच प्रश्न विचारावेत. शाळेच्या ई-मेलचा पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे? आरोग्याचे कागद कोणाच्या कपाटात असतात? बाहेरच्या दुकानात शाळेचा ई-मेल उघडला जातो काय? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. प्रिंटरच्या शाईला पैसे नाहीत असे उत्तर आले तर ती शाई समितीने आणून द्यावी. वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत पालक जवळ नसतात, म्हणून तिथे ही चौकशी अधिक लागते.

बदल्यांनंतर तर हे हमखास पाहावे. जुने मुख्याध्यापक दुसऱ्या गावी जातात, पण शाळेचा ई-मेल त्यांच्या मोबाईलवर चालूच राहतो. शिवाय पासवर्ड बदलताना जो सांकेतिक क्रमांक येतो तोही त्यांच्याच नंबरवर येतो. नव्या मुख्याध्यापकांनी पदभार घेताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर, दोन्ही बदलून घ्यावेत आणि तशी नोंद पदभाराच्या कागदावर करावी. आपले मूल शाळा सोडत असेल तर दाखला घेताना त्याचे आरोग्यपत्रकही हातात मागून घ्यावे. ते नव्या शाळेला ई-मेलने पाठवतो असे कोणी म्हणाले, तर आम्हीच नेऊन देऊ म्हणावे.